वजनाला आलेली माणसं

पुंजा ड्रायव्हरच्या जीपला खडकेवाडीत कुणी जीप म्हणत नसे. तिला उखळ म्हणत. घोटीच्या गिरणीत भात न्यायचं असेल तर पुंजाच्या उखळातून न्यावं, पोचेपर्यंत निम्मं कांडून झालेलं असतं, असं त्याचे सख्खे चुलतभाऊच पारावर बसून सांगत. पुंजाला त्याचा राग येत नसे. आपल्या गाडीबद्दल चार माणसं बोलतात, यातच तो खूश. इतरांच्या गाड्यांबद्दल कोण बोलतं?

गाडी मूळची लष्करातली. देवळालीच्या लिलावात निघाली, दोन-तीन मालकांकडे राहून आली आणि नव्वद सालच्या सुमारास पुंजाच्या दारात उभी राहिली. तेव्हाच ती म्हातारी होती. फौजेने तिला डोंगरदऱ्यांतून पळवली होती, पण खडकेवाडी ते घोटी हा रस्ता काही फौजेने बघितला नव्हता. पुंजाने तिला त्या रस्त्याला जुंपली. मागे समोरासमोर बाक ठोकले, वर पत्रा घातला, आणि आत मावतील तितकी माणसं आत, बाकीची मागच्या फळीवर, अशी आठ वर्षं ओढली.

त्या आठ वर्षांत तिचे पाटे गेले. पाटे म्हणजे बॉडीच्या खाली, चाकांच्या वर, एकावर एक रचलेल्या पोलादाच्या वाकड्या पट्ट्या. खड्ड्याचा हिसका त्यांनी सोसायचा आणि माणसांना समजूही द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. पुंजाच्या पाट्यांनी हे काम कधीच सोडलं होतं. दोन तुटले होते, ते तारेने आवळून मध्ये टायरचा तुकडा घातलेला. जीप कायम डावीकडे कलून चालायची. म्हणून सुकट-बोंबील विकणारी सुमनबाई उजवीकडे बसायची. ती देहाने भरभक्कम होती आणि ती उजवीकडे असली की गाडी जराशी सरळ दिसायची. सुमनबाईला हा आपला मानच वाटे.

या खराब पाट्यांनी गाडीला एक भलतीच कीर्ती मिळवून दिली होती. दिवस भरून गेलेली एखादी बाई पुंजाच्या जीपमधून घोटीला दवाखान्यात निघाली, की ती दवाखान्यापर्यंत पोचेच असं नाही. दोन पोरं तर जीपमध्येच जन्मली. तिसरं दवाखान्याच्या पायरीवर. उपकेंद्रातली नर्स पुंजाला पाहिलं की हात जोडायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. पण सुमनबाई हे सगळं अभिमानाने सांगायची, बाजारात, लग्नात, मयतीतसुद्धा.

आणि एकदा तिने ते नको तिथे सांगितलं.

पुंजाला एकच लेक, सविता. दोन वर्षांपूर्वी ती चांदवडजवळच्या एका गावात दिली होती. घर कांदेवाल्यांचं, खाऊनपिऊन सुखी. जावई पिंपळगावच्या मार्केटात कामाला. आणि घरात शब्द चाले तो सासूचा, नवसाबाईंचा. पहिल्या खेपेला सविताला तिसऱ्या महिन्यातच दगा झाला होता. त्यामुळे आता पुन्हा दिवस राहिले तेव्हा दोन्ही घरांनी श्वास रोखून धरला. सातव्यात डोहाळजेवण झालं. पुंजाबरोबर खडकेवाडीच्या बायका एस.टी.ने गेल्या, त्यात सुमनबाई होतीच. ओटी भरून झाली, जेवणं उठली, पान-सुपारी फिरू लागली आणि सुमनबाईचं तोंड सुटलं.

"पयलं बाळंतपण मायेरीच व्हनार ना? मंग कशाला घोर करता? आमच्या पुंजाभाऊच्या गाडीत बशीवली का अडलेली बाई बी मोकळी व्हती. दवाखाना लागत नाय!"

नवसाबाईंच्या हातातला अडकित्ता तिथेच थांबला.

"दिवस भरायच्या आधी बशीवली तर?" त्यांनी शांतपणे विचारलं.

सुमनबाईने यावर विचार केला नव्हता. तिने आता केला, आणि सुपारी तोंडात टाकली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. निघताना नवसाबाईंनी पुंजाला बाजूला घेतलं.

"व्याहीबुवा, रीत ती रीत. सून मायेरी धाडीन. पन त्या गाडीत नाय. दुसरी गाडी करा, नायतर आमी आमच्या गाडीतून आनून सोडू. आन् जे करायचं ते आठवा लागायच्या आत. आठव्यात बाईला हलवत नाय आमच्याकडं."

त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? एकदा पोळलेलं घर ते. पुंजालाही ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. लेकीला माहेरी न्यायला जो जातो तो मुराळी. सविताला भाऊ नव्हता, म्हणजे मुराळी पुंजाच. आठ वर्षं त्याने गावच्या सगळ्या लेकी माहेरी आणल्या होत्या. खडकेवाडीचा फाटा वळला की मागे बसलेल्या सासुरवाशिणीचा चेहरा कसा होतो, हे तो आरशात बघत आला होता. प्रत्येक वेळी त्याच्या मनात यायचं, एक दिवस इथे आपली सविता बसेल. आता ती वेळ आली तर तिने दुसऱ्याच्या गाडीतून यायचं, आणि तिच्या बापाने, जो ड्रायव्हर आहे, दारात उभं राहून वाट बघायची.

"पाटे बदलतो," घरी आल्यावर तो बायकोला, चंद्रभागेला म्हणाला.

"आठ वरीस मी काय म्हनत व्हते?" चंद्रभागा म्हणाली. पण आवाजात तिखट नव्हतं.

नाशिकला द्वारकेच्या बाजूला मोतीराम मिस्त्रीचं पाट्यांचं दुकान होतं. मोतीराम वाकला, त्याने जीपखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि पुंजाकडे बघितलं.

"पट्टी म्हणून शाळेत दे हे पाटे," तो म्हणाला. "पोरं सरळ रेघा मारतील."

गिऱ्हाइकांची रांग होती, त्यामुळे पुंजाचा नंबर लागायला बरेच दिवस लागले. नंबर लागला तो ऐन शुक्रवारी, आणि नवसाबाईंच्या हिशेबाने आठवा लागत होता रविवारी. मोतीरामने गंजलेल्या नटांना रॉकेल पाजलं. ते ऐकेनात म्हणून गॅसने कापले. जुने पाटे सुटून जमिनीवर पडले, तेव्हा त्यांच्या फटींतून वर्षानुवर्षांचा चिखल निघाला, काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले आणि एक अख्खा वाळका बोंबील निघाला. पुंजाने तो ओळखला, सुमनबाईच्या टोपलीतला.

मोतीरामची एक पद्धत होती. तो गिऱ्हाइकाला काही विचारत नसे. गाडी बघायची आणि ठरवायचं. मागे बाक ठोकलेले दिसले की गाडी प्रवासी भरणार, आणि मालकाने कितीही शपथा घेतल्या तरी दुप्पट भरणार. म्हणून अशा गाडीला तो न विचारता एकेक पाटा जास्त घालायचा. आजवर एकाही मालकाने तक्रार केली नव्हती. आणि पुंजाने तरी कुठे सांगितलं, की मला एक पोटुशी लेक आणायची आहे, मऊ पाटे घाल? द्वारकेच्या गॅरेजात, चार दांडग्या ट्रकवाल्यांसमोर, असं कुठला बाप बोलतो? तो फक्त म्हणाला, "मजबूत कर." मोतीरामने केलं.

जीप उभी राहिली ती वीतभर उंच आणि अगदी सरळ. पुंजाला तर पायरीवर पाय ठेवताना धोतर आवरावं लागलं. ऐटीत निघाला. पाथर्डी फाट्याच्या पुढे पहिला खड्डा लागला आणि जीपने त्याला सीटवरून उचललं, डोकं पत्र्याला टेकवलं आणि परत जागेवर ठेवलं. दुसऱ्या खड्ड्यात टोपी खिडकीतून गेली. जुन्या पाट्यांनी आठ वर्षांत असं कधी केलं नव्हतं. पुंजाने टोपी उचलली आणि गाडी वळवली.

मोतीराम दुकान आवरत होता. त्याने तक्रार ऐकली आणि उलट विचारलं, "रिकामी चालवलीस?"

"मंग काय भरून चालवू?"

"अरे, जादा पाट्याची गाडी आहे ती. वजन पाहिजे तिला. माणसं भर खच्चून, मग बघ, लोण्यावरून चालल्यासारखी जाईल."

"मला एकच मानूस आनायचं हाय," पुंजा म्हणाला, आणि अखेर त्याने सगळं सांगून टाकलं.

मोतीरामचा चेहरा पडला. "हे आधी बोलायचं होतंस, पुंजा. जादा पाटे घातलेच नसते." त्याने आभाळाकडे बघितलं. दिवस मावळला होता. "आता हात लावला तर सकाळपर्यंत होणार नाही. आणि उद्या शनिवार. शनिवारी मी लोखंडाला हात लावत नाही. वडिलांपासून आहे आमच्यात. सोमवारी ये, चारही चाकांवरचे जादा पाटे काढून देतो."

सोमवारी आठवा लागलेला असणार. पुंजा घरी आला. येताना त्याने गाडी इतकी हळू चालवली की घोटीजवळ एक बैलगाडी पुढे गेली, आणि गाडीवानाने वळून त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

चंद्रभागेने सगळं ऐकलं. "मंग भाताची पोती टाका मागं. वजनच पायजे ना?"

"येडी का खुळी तू? लेकीच्या सासरी पोती घेऊन जायाचं आन् तीच पोती माघारी आनायची? नवसाबाई काय म्हनतील? दाखवून नेलं म्हनतील!"

हे खरंच होतं. लेकीच्या घरी नेलेला दाणा परत आणणारा बाप अजून खडकेवाडीत जन्माला यायचा होता. पोती तिथेच उतरवावी लागली असती, आणि मग येताना, सविता बसल्यावर, गाडी रिकामीच. दगड टाकावे, तर मुराळी दगड घेऊन आला हे आणखी वाईट. चंद्रभागा चुलीपुढून एकदम उठली आणि तिने पदर खोचला.

"आपली परत येतील अशी वजनं घेऊन जा," ती म्हणाली. "मानसं."

त्या रात्री चंद्रभागा घरोघर फिरली. खडकेवाडीत जाड असण्याला इतका मान कधी मिळाला नव्हता. ज्या बायांना एरवी जीपमध्ये "सरका, सरका" ऐकावं लागे, त्यांना ती आता हात धरून बोलावत होती. दुसऱ्या दिवशी घोटीचा बाजार होता, म्हणजे येणाऱ्याचा बाजार बुडणार. तरी कुणी नाही म्हणालं नाही. सुमनबाईला तर विचारावंच लागलं नाही. ती आपणहून आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याच तोंडानं झालंया हे. मला मधी बशीव." भागीबाई मात्र रुसली. ती काडीसारखी, तिला चंद्रभागेने वगळलं होतं. "मी काय मानसात नाय?" असं विचारून ती गेली, आणि सकाळी जीपपाशी हजर झाली ती मांडीवर जात्याचा वरचा दगड घेऊन, वर पदर झाकून. तिला बसवून घेतलं.

गाडी भरली आणि निघाली. आणि मोतीराम मिस्त्री खोटं बोलला नव्हता. खडकेवाडीच्या फाट्यापर्यंत जिथे एरवी देवाचं नाव घेतल्याशिवाय जमत नसे, तिथे बाया गप्पा मारत बसल्या. पान खाताना कुणाची जीभ चावली गेली नाही. नाशिक मागे पडलं, ओझर, पिंपळगाव गेलं. पुंजा स्टीअरिंगवर बसून पुन्हा पुन्हा खालच्या पाट्यांचा आवाज ऐकत होता. आवाजच नव्हता.

नवसाबाईंनी अंगणातून बघितलं. उंच झालेली एक जीप आली, थांबली, आणि तिच्यातून माणसं उतरू लागली. उतरतच राहिली. मुराळी एकटा येतो, फार तर सोबत एखादी म्हातारी. इथे अख्खी वरात.

पण दारी आलेल्या पाहुण्यांना का आलात असं विचारायची रीत नाही. नवसाबाईंनी आत जाऊन पिठाचा डबा उघडला. शेजारच्या दोन घरांतल्या चुली पेटल्या. भाकऱ्या थापल्या गेल्या, झुणका झाला, कांदाचाळीतून कांदे आणून फोडले गेले. वजनं पोटभर जेवली, म्हणजे आणखीच कामाला आली. भागीबाई तेवढी गाडीतून उतरली नाही. दगड खाली नेला तर तो लेकीच्या सासरी ठेवावा लागेल अशी तिला धास्ती होती. ती गाडीतच ताट घेऊन जेवली आणि पाय दुखतात असं सांगितलं.

जेवणं झाल्यावर नवसाबाईंनी विषय काढलाच.

"गाडी तीच हाय."

"गाडी तीच. पाटे नवे," पुंजा म्हणाला. आणि मग त्याच्याने राहवेना. मिस्त्रीने घातलेला जादा पाटा, शनिवार, पोती, सगळं त्याने एका दमात सांगितलं. "विहीणबाई, ही मानसं पावनी म्हनून नाय आनली. वजन म्हनून आनली. सविताला हिसका बसू नये म्हनून."

नवसाबाईंनी बसलेल्या बायांवरून एकदा नजर फिरवली. सुमनबाईवर जरा जास्त वेळ ठेवली. मग त्या उठल्या, पायात वहाणा घातल्या आणि जीपकडे चालू लागल्या.

"भरा गाडी. आधी मी बसून बघते."

सगळी माणसं पुन्हा चढली. पुंजाने गाडी कांद्याच्या शेतांतून, बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या वाटेने, ओढ्यातून पलीकडे आणि परत अशी फिरवली. भागीबाईने दगड घट्ट धरला होता. अंगणात परत आल्यावर नवसाबाईंनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

"सविता! पिशवी आन. आन् माझं लुगडं बी घाल तिच्यात. मी येते पोचवायला."

"तुमी?" पुंजा म्हणाला.

"का? मला वजन कमी हाय?"

सविताला मधल्या जागी बसवली, एका बाजूला सुमनबाई, दुसऱ्या बाजूला सासू. पुंजाने आरसा नीट केला. आरशात त्याला सुमनबाईचा अर्धा गाल आणि डोक्यावरचा पदर एवढंच दिसलं. त्याने आरसा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. सगळीकडे सुमनबाई. शेवटी त्याने नाद सोडला आणि रस्त्याकडे बघितलं.

नाशिक येईपर्यंत सविता सुमनबाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली. गप्पा आपोआप हळू झाल्या आणि मग थांबल्या. घोटीत शिरले तेव्हा बाजार अजून उठला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही कडांना टोपल्या, तोलणारे काटे, ओरडणारी माणसं. सुमनबाईच्या नेहमीच्या जागेवर दुसरीच कुणी सुकट मांडून बसली होती. आठवड्याचं मीठ-मिरची, तेल, लेकरांच्या चपला, सगळं तिथे होतं, आणि उतरून घ्यायला दोन पावलं. पुंजाने गाडी हळू केली आणि मान वळवून कुजबुजला, "कुनाला उतरायचं का?"

पुढे खडकेवाडीचा रस्ता होता, सगळ्यांत वाईट. एक जण उतरला असता तर बाकीचे उतरले असते. सुमनबाईने बाजाराकडे बघितलंसुद्धा नाही. तिने फक्त खांदा जरा उचलून सविताचं डोकं सावरलं. कुणीच हाललं नाही. पुंजाने गिअर टाकला.

दारात चंद्रभागा भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. जीप थांबली, माणसं एकेक करून उतरली, अगदी हळू, आणि प्रत्येकजण उतरताना मागे वळून झोपलेल्या पोरीकडे बघत होता. मग सविता जागी झाली. सासूचा हात धरून उतरली. चंद्रभागेने तुकडा ओवाळून टाकला आणि लेकीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

पुंजा मात्र स्टीअरिंगवरून उतरेना. शेवटी उतरला तो ओट्यावर जाऊन बसला आणि सगळ्यांदेखत रडू लागला. मोठ्याने, पोरासारखा.

"आवं, आता कशाला? आनली ना नीट?" चंद्रभागा म्हणाली.

"गाडी चालवताना रडता येत नाय," पुंजा हुंदके देत म्हणाला. "फुडचं दिसत नाय."

त्याने डोळे पुसायला खिशातून फडकं काढलं. ते गाडी पुसायचं फडकं होतं. गालांवर, नाकावर, कपाळावर ग्रीसचे काळे पट्टे उमटले, आणि त्यातून पाणी वाहत राहिलं. सविताने बापाकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. ती हसू लागली ती थांबेचना. पोट धरून, वाकून, दाराची चौकट पकडून हसत राहिली.

नवसाबाई धावल्या. त्यांनी एका हाताने सुनेची पाठ धरली आणि दुसऱ्याने पोट.

"आवं व्याहीबुवा, तोंड धुवा आधी!" त्या ओरडल्या. "चांदवडापासून पोरीला एक हिसका लागला नाय, आन् आता घरात आनून हिसके द्यायला लागले!"

तेव्हा भागीबाईसुद्धा हसली. पुंजा उठला आणि तोंड धुवायला मागच्या दारी गेला.